आरसा कोणापुढे धरावा?

आमच्या विद्यालयात दररोज सकाळी परिपाठापूर्वी त्रिसरण व पंचशील होते. मुले ती पाली वचने इतक्या सहजतेने म्हणतात की त्यांतील एका शब्दाकडे आम्हा शिक्षकांचेही बरीच वर्षे लक्ष गेले नव्हते. प्रत्येक शीलात ‘सिक्खापद’ हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकण्याची पायरी. तेथे वरून आलेली आज्ञा नाही; शील घेणारा स्वतःच काहीएक शिकण्याचे स्वीकारतो. मराठीत ‘शिक्षा’ या शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला आणि शाळांनी तोच अर्थ मनापासून आपलासा केला, हे आपल्या शिक्षणाचे दुर्दैव होय.

हा फरक आम्हांला ग्रंथातून कळला असे म्हणता येणार नाही. काही वर्षांपूर्वी आठवीतील एक विद्यार्थी क्रीडास्पर्धेहून परतला. तेथील मुक्कामात दुसऱ्या शाळांतील मुलांशी त्याची मैत्री जमली होती आणि त्यांना त्याने आपले आडनाव भलतेच सांगितले होते. प्रमाणपत्रे वाटताना खरे नाव पुकारले गेले. सोबतची मुले हसली आणि गोष्ट वसतिगृहापर्यंत पोहोचली. गृहपालांचे म्हणणे सरळ होते: खोटे बोलणे झाले, शील मोडले, शासन व्हावे. दुसऱ्या बाजूने असे मांडण्यात आले की, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच सर्व माणसे समान मानण्याचीही आहे. दुसरी समाजाने पाळली असती तर पहिली मोडण्याची पाळी या मुलावर आली नसती. युक्तिवाद ऐकण्यास बरा वाटतो. तथापि मुलगा खोटे बोलला होता, हेही तितकेच खरे होते.

या पेचात आम्ही मज्झिम निकायातील राहुलोपदेशाकडे वळलो. राजस्थानात बैराट येथे मिळालेल्या शिलालेखात अशोकाने भिक्षूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावीत अशी सात वचने नोंदविली आहेत. असत्याविषयीचा हा उपदेश त्यांत आहे. राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. तो आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. भगवान पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात, मग ते ओततात, भांडे पालथे करतात आणि जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज न वाटणाऱ्याचे श्रमणपण किती उरते ते त्या भांड्यावरून दाखवितात. त्यानंतर ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच कर्म करण्यापूर्वी, करीत असताना व केल्यानंतर, ते स्वतःला वा इतरांना दुःख देणारे आहे काय, हे पाहावे. चुकले असेल तर जाणत्यांपाशी उघड करावे व पुढे सावध राहावे. शासनाचा उल्लेख या साऱ्या उपदेशात कोठेही नाही.

आम्ही त्या मुलाला हेच तीन प्रश्न विचारले. केल्यानंतर काय वाटले, या प्रश्नावर तो रडला. करण्यापूर्वी काय मनात आले, यावर मात्र तो स्पष्ट बोलला: खरे आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न काय येतो, ते ठाऊक होते. हे कोठे शिकलास, असे विचारता त्याने आमच्याच वर्गाचे नाव घेतले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा, असे आम्ही भर वर्गात सांगत होतो. कोणाचा जातीचा दाखला आला, कोणाचा राहिला, हे हजेरीपटावरून मोठ्याने वाचीत होतो. सकाळी समतेचा पाठ आणि दुपारी रांगा. मुलाने दोन्ही पाठ नीट घेतले होते. पुढील बैठकीत आडनावाचा विषय निघालाच नाही, आमच्या दुपारच्या वर्गाचाच निघाला.

तेव्हापासून अर्ज कार्यालयात, एकेका विद्यार्थ्याला बोलावून भरले जातात. लिपिकांचे काम वाढले आणि त्यांची कुरकुर आजही चालू आहे. ती अगदीच अन्यायाची नाही. भोजनगृहातील व झोपण्याच्या जागांची यादी आता पहिल्या नावाच्या अकारविल्हे लागते.

परंतु नाव झाकून ठेवणे म्हणजे ओळख देणे नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयांना दिलेली नावे येथे आठवतात. 1946 साली मुंबईत निघालेले सिद्धार्थ. 1950 साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालेले व पुढे मिलिंद नाव मिळालेले दुसरे. एक शोध घेणारा, दुसरा प्रश्न विचारणारा. मिलिंद राजा नागसेनांना प्रथम त्यांचे नावच विचारतो. नागसेन म्हणतात, नाव केवळ व्यवहारासाठी. त्यामागे अचल असा कोणी सापडणार नाही. मग राजा ज्या रथातून आला त्याचा दांडा, आस, चाके एकेक पुढे करून ते विचारतात की यांतील रथ कोणता?

हा संवाद किशोरवयीन मुलांपुढे मांडताना आम्ही बिचकतो, हे कबूल केले पाहिजे. ज्याला जग आडनावावरून तोलते, त्याला नाव म्हणजे काही नाही असे सांगणे ही सोयीची पंडिताई ठरेल. म्हणून आम्ही आधी 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची दीक्षा शिकवितो, घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसांच्या आठवणी लिहून आणावयास सांगतो, आणि नंतरच रथाकडे येतो.

यंदा रविवारच्या सायंकाळच्या वर्गात एका मुलीने विचारले, “सर, चाकात रथ नाही, तर आडनावात काय असतं?” एकजण म्हणाला, गाव असतं, शेवटी ‘कर’ लागलेली कितीतरी आडनावे त्याने मोजून दाखविली. दुसरा म्हणाला, आजोबा असतात. तिसऱ्याने विचारले की मग आजीचे काय? यावर आमच्यापैकी कोणाजवळही तयार उत्तर नव्हते. चर्चा चालूच राहिली, जेवणाची घंटा होऊन गेली तरी कोणी उठले नाही, आणि स्वयंपाकघरातील मावशींना हाक मारावयास यावे लागले.