आधी अळी काढा, मग पंख

मध्य प्रदेशातल्या सौंसरला शाळेत चित्रकला शिकवता शिकवता फुलपाखरं काढायचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तोच कामधंदा झाला. जामसांवलीच्या शिवारात घरची थोडी संत्र्याची बाग आहे. मंगळवार-शनिवारी देवळाला येणारी गर्दी पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन परतते. मी तेव्हा कुठल्या तरी पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, उकिडवा बसलेला असतो. शिकायला येणाऱ्या पोरांना जे सांगतो ते इथं लिहून ठेवतो आहे. उदाहरणं सगळी एकाच कुळातली आहेत, पॅपिलिओनिडी म्हणतात ते. मोठी, दांडग्या उडीची फुलपाखरं, पुष्कळांच्या मागच्या पंखाला शेपटी असलेली.

१. जंगलात जायची घाई करू नका, पन्हेरीत जा.

आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. जंबेरीची रोपं वीतभर होऊन लालसर पालवी फुटली की लिंबाचं फुलपाखरू हजर होतं. मादी पानावर धड बसतसुद्धा नाही. पंख फडफडत ठेवूनच पोट वाकवते, कोवळ्या पानाला एक फिकट पिवळं अंडं चिकटवते आणि पुढच्या रोपाकडे जाते. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, गोल. त्यातून निघणारी अळी तपकिरी, मधे पांढरट पट्टा, हुबेहूब पाखराची विष्ठा. पक्षी तिला उचलत नाहीत आणि आपलीही नजर तिच्यावरून घसरते. चार अवस्था अशा घाणेरड्या वेषात काढून शेवटची कात टाकली की ती एकदम हिरवीगार होते. बोट लावलं तर मानेमागून नारिंगी-तांबडं दुहेरी शिंग बाहेर काढते आणि आंबूस दर्प सोडते. ऑस्मेटेरियम नावाची ही ग्रंथी या कुळातल्या सगळ्या अळ्यांना असते. मुंग्या आणि बारीकसारीक शत्रूंना लांब ठेवायची ही तिची सोय.

शेजारच्या पन्हेरीवाल्याने मला एकदा चांगलंच सुनावलं होतं. "गुरुजी, तुम्ही इचं चित्र काढून राहिले, अन् ते आमची कलम खाऊन राहिली." त्याचं खोटं नव्हतं. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही, पण वीतभर रोपाला दोन अळ्या आठवड्यात काड्या करून सोडतात. म्हणून सकाळी त्याच्याबरोबर अळ्या वेचायच्या, त्यातल्या मला हव्या त्या डब्यात घ्यायच्या, असा आमचा करार ठरला. त्या करारातून जेवढं शिकलो तेवढं कुठल्या रानात शिकलो नाही.

महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंत, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून प्रत्येक पोराला आधी तेच काढायचं असतं. काढा की! पण त्याचीही अळी लिंबाच्याच जातीची पानं खाते. सुरुवात दारच्या लिंबापासून केली तर बिघडत नाही.

२. कागदावर पहिलं पान येऊ द्या.

मारिया सिबिला मेरियन या बाईंनी सुरिनामच्या किड्यांचं पुस्तक १७०५ साली छापलं. फुलपाखरू, त्याची अळी, कोष आणि ती अळी ज्या झाडावर जगते ते झाड, हे सगळं त्यांनी एकाच पानावर मांडलं. त्यानंतर बरेच चित्रकार मात्र नुसते पंख काढत बसले, कारण त्यांच्यापुढे जहाजातून आलेल्या मेलेल्या फुलपाखरांच्या पेट्या होत्या. आपल्या बाजूला हे खरं सुधारलं ते कारवारकडे. डेव्हिडसन, बेल आणि एटकिन या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर १८९६-९७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये लेखमाला लिहिली. त्यांनी अळ्या घरी पाळल्या, कोषापर्यंत नेल्या, कुठली अळी काय खाते ते टिपलं. बेलसाहेब जंगलखात्यातले, एटकिन मिठाच्या खात्यातले. फुलपाखरांसाठी कोणी त्यांना पगार देत नव्हतं.

पान काढताना देठ नीट पाहा. संत्रा-लिंबाच्या पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पंखासारखी पट्टी असते आणि जिथं देठ पात्याला भेटतो तिथं सांधा असतो. तो सांधा चुकला की कुठलाही बागाईतदार चित्र पाहून हसेल. लिंबाच्या फुलपाखराची अळी बेलावर आणि कढीपत्त्यावरही मिळते. तेव्हा कुठल्या पानावरून उचलली ते विसरायच्या आत लिहा.

पोरं बऱ्याचदा रुईच्या पानावरची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी घेऊन येतात, कारण मारुतीच्या माळांसाठी रुई सगळीकडे तोडली जाते. ती अळी सुंदर असते, पण वेगळ्या कुळातली. तिला शिंग दाखवायला सांगून पाहा, दाखवणार नाही.

३. पंखांवर विश्वास ठेवू नका, अंग पाहा.

हा धडा सगळ्यात मोठा. तो शिकवायला कॉमन मॉरमॉनएवढा चांगला मास्तर नाही. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. मादी मात्र तीन वेषांत येते. एक थेट नरासारखी. दुसरी कॉमन रोज नावाच्या फुलपाखरासारखी, मागच्या पंखात पांढरे डाग आणि कडेला लाल ठिपके. तिसरी क्रिमसन रोजसारखी, पुढच्या पंखावर पांढरे पट्टे. रोज मंडळींच्या अळ्या बांधावर उगवणाऱ्या किडामारीसारख्या विषारी वेलींवर वाढतात आणि ते विष फुलपाखरांच्या अंगात उतरतं, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची मादी तेच कपडे फुकटात घालते.

जीवांना शास्त्रीय नावं देणारा लिनियससारखा माणूससुद्धा इथं अडकला. १७५८ साली त्याने या एकाच जातीला पॉलिटीस आणि पॅमन अशी दोन नावं दिली. पुढे क्रॅमरने तिसऱ्या वेषातली मादी रोम्युलस म्हणून आणखी वेगळी केली. पेटीत टाचलेली फुलपाखरं समोर ठेवून दुसरं काय होणार? अल्फ्रेड वॉलेसने १८६५ मध्ये मलाया बेटांतल्या या कुळावर लिहिलं तेव्हा हे वेष एकाच जातीतल्या माद्यांचे आहेत याचा नीट उलगडा केला. आणि २०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की वेषांचा हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर चालतो. कुंटे मराठी माणूस. भारतीय द्वीपकल्पातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं पुस्तक २००० सालचं, आणि माझ्या टेबलावरच्या प्रतीची शिवण केव्हाच सुटली आहे.

आता चित्रकाराने काय करायचं? पंख झाका आणि अंगाचा रंग पाहा. कॉमन रोज आणि क्रिमसन रोज यांचं डोकं आणि पोटाची बाजू लालभडक असते. मॉरमॉनच्या मादीने कितीही सोंग आणलं तरी तिचं अंग काळंच. मी मुलांना याच्यासाठी मुद्दाम दोन्ही शेजारी काढायला लावतो, पंख नुसत्या पेन्सिलीत आणि अंग रंगात. कढीपत्त्यावर मादीने अंडी घातलेली दिसली तर ती वाढवा. एकाच आईच्या मुली वेगवेगळ्या वेषात बाहेर पडताना पाहिलं की वॉलेसचा निबंध वाचायची गरज उरत नाही.

४. जिल्ह्याच्या नावावर विसंबू नका, लेबलावर गाव आणि नदी लिहा.

नागपूरच्या अजब बंगल्याचा, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाचा, आमच्या भागाशी जुना संबंध आहे. तिथले ई. ए. डी'अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केली, १७७ जातींची. त्याआधी बेथम यांनी १८९०-९१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये याच प्रांतावर लिहिलं होतं. छिंदवाडा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि सौंसर छिंदवाड्यात. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. लोकांची शेतं होती तिथंच आहेत, पण आमच्या आजोबांनी एखादं फुलपाखरू टाचून नुसतं 'छिंदवाडा, मध्य प्रांत' लिहिलं असतं तर आज ते कुठलं हे शोधून काढता आलं नसतं.

म्हणून लेबल असं लिहा: गाव, जवळची नदी किंवा नाला, तालुका, तारीख, कुठल्या झाडावर, आणि टिपणाऱ्याचं नाव. हातात फोन असतो, अक्षांश-रेखांशही टाका. गावाच्या नावाचे हिज्जे वाटेल तसे बदलतात. आमच्याच गावाच्या पाट्या पाहा, जामसांवली, जाम सावली, सगळं मिळेल. लेबल पक्क्या काळ्या शाईने लिहा आणि फुलपाखराच्याच टाचणीत खाली खोवा. वहीत वेगळं लिहून ठेवू म्हणणारे वहीच हरवतात.

कोणाकोणाला या सगळ्या कारकुनीचा कंटाळा येतो. त्यांना मी डॉमिनिकन रिपब्लिकची गोष्ट सांगतो. तिथं २००४ मध्ये लिंबाचं फुलपाखरू अचानक सापडलं, पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, लिंबू-संत्र्याच्या बागांच्या मुलखात. ते कुठून आलं हे ठरवायला आशियातल्या ठिकठिकाणच्या नमुन्यांशी त्याचा डीएनए ताडून पाहिला आणि धागा आग्नेय आशियाकडे गेला. नमुन्यांवर ठिकाणं लिहिलेली नसती तर ताडून पाहायचं कशाशी?

५. पेटीतली मुद्रा खोटी असते, तरी ती शिका.

टाचलेल्या फुलपाखराचे पुढचे पंख वर ओढून त्यांची मागची कड अंगाला काटकोनात आणतात. जिवंत फुलपाखरू असं कधी बसत नाही. उन्हाळ्यात जाम नदीच्या ओल्या वाळूवर क्षार शोषायला बसतं तेव्हा पंख मिटून, नाहीतर थरथरत. तरीही काटकोनाची मुद्रा हवीच, कारण त्याशिवाय दोन फुलपाखरांची तुलना होत नाही. एका बाजूला पंखांचा वरचा पृष्ठभाग आणि दुसऱ्या बाजूला खालचा, अशी अर्धी-अर्धी पद्धत आहे, तीही सोयीची. एकाच चित्रात दोन्ही अंगं येतात आणि कागद वाचतो. मी एका पानावर ही मुद्रा काढतो आणि शेजारी, हात मोकळा सोडून, वाळूवर बसलेलं.

लिंबाच्या फुलपाखराला शेपटी नसते. नवशिके कुळाचं वर्णन वाचून ती हमखास जोडतात. जे समोर आहे तेवढंच काढा. भिंग लावून पुढच्या पंखाच्या मुळाशी पाहा. तिथं काळ्यावर पिवळ्या खवल्यांच्या बारीक, तुटक आडव्या रेषा असतात, कोणी टाचणीच्या टोकाने ओढल्यासारख्या. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल लंबगोल आणि त्यावर निळी चंद्रकोर. काळा रंग नळीतून थेट घेऊ नका, इंडिगो आणि गडद तपकिरी मिसळा, मग त्या पिवळ्या रेषा जिवंत वाटतात. रंग घेताना ताजं फुलपाखरू पाहा. जुन्या नमुन्यात फिकट पिवळं नारिंगीकडे झुकतं.

असं नेमकं चित्र किती कामाला येतं याचं उदाहरण विल्यम जोन्स. लंडनच्या या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या शेवटी पंधराशेच्या वर जलरंगातली फुलपाखरं काढली, सहा खंड भरले. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९३ मध्ये त्या चित्रांवरून दोनशेच्या वर जातींना नावं दिली. नमुने पुढे विखुरले, चित्रं ऑक्सफर्डला सुखरूप आहेत.

६. पेटीचा शत्रू पावसाळा.

डांबराच्या गोळ्या, घट्ट झाकण, उजेडापासून दूर. आषाढात दर आठवड्याला उघडून पाहा. टाचणीखाली पिवळट भुगा दिसला तर किडा लागला समजा. बस.

७. मारायची गरज आता फार थोडी.

जुन्या संग्राहकांना शिव्या घालण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यांच्या पेट्या नसत्या तर डी'अब्रूंची यादी झाली नसती, आणि आज काय उरलं आहे हे कशाशी ताडून पाहायचं हेही कळलं नसतं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने क्रिमसन रोजला पहिल्याच अनुसूचीत घातलं होतं. शाळेच्या पोराने जाळं घेऊन धावण्यापूर्वी एवढं तरी त्याला माहीत असावं. नमुना हवाच तर नागपूर-छिंदवाडा रस्त्याच्या कडेला गाड्यांना धडकून मेलेली फुलपाखरं मिळतात. कागदाच्या त्रिकोणी पुडीत घाला, पुडीवरच ठिकाण आणि तारीख लिहा.

त्याहून चांगला संग्रह रिकाम्या कोषांचा. लिंबाची अळी कोषात जाताना शेपटीचं टोक फांदीला चिकटवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन रेलते. हिरव्या फांदीवर कोष हिरवा, वाळक्यावर तपकिरी. फुलपाखरू निघून गेलं की काडीसकट कोष कापून घ्या. पाठीवरची फाट, कमरेचा धागा, सगळं शाबूत मिळतं आणि कायद्याचा प्रश्न येत नाही. आमच्या शाळेतल्या मुलींनी असे कोष आगपेटीत कापसावर मांडले होते, प्रत्येकाखाली पानाचं चित्र. प्रदर्शनात माझ्या रंगीत पाट्यांपेक्षा जास्त गर्दी त्या आगपेट्यांपुढे होती.

८. अळी वेचली की ती ठेवायची कुठे हे आधी ठरवा.

पन्हेरीवाला अळी चिरडतो, त्याला दोष देऊ नका. त्याचं पोट त्या रोपांवर आहे. बांधावर एखादं मोठं लिंबाचं नाहीतर बेलाचं झाड राखून ठेवा आणि वेचलेल्या अळ्या तिथं सोडा. हिरव्या झालेल्या अळ्या उन्हात हलवू नका, सकाळी हलवा, आणि हाताने न ओढता पानासकट न्या. आमच्या बांधावर एक जुना बेल आहे. पन्हेरीवाला आता अळ्या पानासकट खुडून डब्यात ठेवतो आणि फवारणीचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी फोन करतो. "गुरुजी, उद्या औषध मारून राहिलो. आपल्या घेऊन जा." बेलावर फवारा उडू नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून सुरुवात तोच उलट्या टोकाने करतो.