संगमरवर आणि आपला काळा पाषाण

आळंदीस इंद्रायणीच्या घाटावर एका शाळेचा वर्ग गेला असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, हा घाट संगमरवराचा का बांधला नाही?" असा प्रश्न टाळू नये, पाठ तेथूनच आरंभावा. घाटाचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो झाला. संगमरवर मात्र मुळात चुनखडक. भूगर्भातील उष्णता व दाब यांनी त्याचे रूप पालटते. म्हणून आपल्या परिसरात त्याची खाण नाही.

शुभ्र संगमरवर राजस्थानातील मकराण्याचा. ताजमहालासाठी तोच नेला. गुजरातेत अंबाजी व इटलीत करारा येथेही खाणी आहेत. ऋषभदेवचा 'हिरवा संगमरवर' हा वास्तविक सर्पेंटाइन, तर जैसलमेरचा पिवळा हा चुनखडकच. व्यापारात झिलई घेणाऱ्या कोणत्याही दगडास हे नाव मिळते. मीही कित्येक वर्षे तसेच शिकवीत होतो.

परीक्षा सोपी आहे. फरशीच्या दुकानाबाहेरचे टाकाऊ तुकडे मागून आणावेत, खिळ्याने खरवडावेत व भुकटीवर लिंबाचा रस टाकावा. मकराण्याच्या दगडावर बारीक बुडबुडे येतात. बेसाल्ट खिळ्यालाही दाद देत नाही आणि रसालाही नाही. शाळेतील शहाबादी फरशीवर मात्र बुडबुडे येतील, कारण तीही चुनखडकाची. येथे मुले गोंधळतात. त्यांस तुटलेली कड उन्हात धरून पाहावयास सांगावे. संगमरवराचे कण खडीसाखरेसारखे चमकतात.

हा प्रयोग मंदिराच्या फरशीवर मुळीच करू देऊ नये. रसाने झिलई जाते व डाग राहतो.