सुटलेला टाका

वाचण्यापूर्वी
तुम्ही मराठी पुस्तक वाचता की ऐकता? ऐकताना हातांनी दुसरं काही काम करता का? न्यू जर्सीत वाढलेल्या एका मुलीने आठवडाभर लिहिलेल्या या नोंदी आहेत. आधी मनात वाचा, मग एकदा मोठ्याने वाचा.

सोमवार
आज मफलर विणायला घेतला. सुईवर 32 टाके घातले. प्रत्येक ओळीत दोन सुलट, दोन उलट. अशी वीण छान ताणली जाते आणि तिच्या कडा गुंडाळत नाहीत.
हात कामात होते, पण कान रिकामे होते. म्हणून 'श्यामची आई' ऐकायला सुरुवात केली. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. 1935 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हणतात. अशा 42 रात्री आहेत. मी वेग दीडपट केला आणि एका संध्याकाळी सहा रात्री संपवल्या!

मंगळवार
सकाळी साडेसातला नाशिकच्या आजीला फोन केला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते.
"आजी, मी सहा रात्री वाचल्या!"
"वाचल्यास की ऐकल्यास?"
"ऐकल्या. एकच ना?"
"बरं, मग सांग, सहाव्या रात्री काय होतं?"
"श्यामची आंघोळ होते. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून तो आईकडे मोजे मागतो."
आजी हसत सुटली. "मोजे नाही गं, ओचे! नेसलेल्या लुगड्याचा पुढचा भाग. तो म्हणतो, ओचे पसर, मी त्यावर पाय ठेवतो. आणि ती पसरते."
मी गप्प झाले. मोजे काय, कोणीही देईल. पण अंगावरचं लुगडं? त्यानंतर आई त्याला मनाच्या स्वच्छतेबद्दल जे सांगते, ते तर मी ऐकलंच नव्हतं. तेव्हा मी टाके मोजत होते.

बुधवार
आणि टाके तरी कुठे नीट मोजले होते? आज भरले 31. पाच ओळी खाली एक टाका सुटला होता.
"आजी, शेवटी एक नवा टाका घालते. कुणाला कळणार?"
"अगं, सुटलेला टाका तिथेच थांबत नाही. खाली खाली ओघळत जातो. क्रोशाची सुई घे. तो टाका तिच्यात अडकव आणि वरचा आडवा धागा त्यातून ओढून घे. मग त्याच्या वरचा. एकेक ओळ वर ये."
वीस मिनिटं लागली. पण पुन्हा 32 झाले!

गुरुवार
आज आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट झालं. पण डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही आणि विणायचं नाही, असं सांगितलंय. आजीला वाचल्याशिवाय झोप येत नाही! ती बाबांना म्हणाली, "पोरीला सांग, मला वाचून दाखव."
माझ्या पोटात गोळा आला. मराठी बोलते मी, पण वाचताना जोडाक्षर आलं की अडखळते.

शुक्रवार
सहावी रात्र पुन्हा ऐकली. या वेळी साध्या वेगाने, पुस्तकात ओळीवर बोट ठेवून. सुया बाजूला ठेवल्या होत्या. तीन वेळा ऐकली, मग दोनदा स्वतः वाचली.

शनिवार
आजीला वाचून दाखवलं. चार ठिकाणी अडखळले. चारही वेळा आजीने पुढचा शब्द सांगितला, डोळे मिटूनच. तिला सगळं पाठ आहे! मग मला का वाचायला लावलं?
वाचून झालं तरी ती काही बोलेना.
"आजी, रडतेस का? डॉक्टर रागावतील हं."
"रडत नाही गं. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेत."
तिचं औषध तर अजून टेबलावरच होतं.

रविवार
मफलर वीतभर झाला. संध्याकाळी सातवी रात्र वाचणार आहे.

ऐका आणि म्हणा
'माझा' आणि 'माझी' हे शब्द घरातल्या मोठ्या माणसांकडून म्हणून घ्या. 'झ' हे अक्षर एकच आहे, पण उच्चार दोन आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतल्या 'च'चंही तसंच. हा फरक कागदावर दिसत नाही, कानांनाच कळतो. उलट 'ओचे' आणि 'मोजे' कानांना सारखे वाटले, तरी कागदावर वेगळे दिसतात. म्हणून ऐकायचंही आणि वाचायचंही.

शब्दार्थ
वीण – विणल्यावर तयार होणारी रचना
लुगडं – नऊवारी साडी
ओघळणे – हळूहळू खाली येणे
क्रोशाची सुई – टोकाला आकडा असलेली सुई
मोतीबिंदू – डोळ्यांचा एक आजार. यात नजर धूसर होते
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
वीतभर – पसरलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या लांबीएवढं

प्रश्न
1. मुलीने 'ओचे' हा शब्द काय ऐकला? त्यामुळे गोष्ट कशी बदलली?
2. सुटलेला टाका वर कसा आणायचा? तुमच्या शब्दांत सांगा.
3. आजीला पुस्तक पाठ होतं. मग तिने नातीला वाचायला का सांगितलं असेल?
4. या आठवड्यात घरातल्या कुणाला तरी एक पान मराठी वाचून दाखवा. कुठे अडखळलात, ते शब्द वहीत लिहा.