विनॉक्सी जीवाणू आणि प्रतिजैविक-संवेदनशीलता चाचणी

भगंदर, गुदविद्रधि, दंतमूलगत विद्रधि व मधुमेही रुग्णांतील दुष्टव्रण यांत दुर्गंधी पूय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा पूयात प्राणवायूविना वाढणारे विनॉक्सी जीवाणू बहुधा असतात. तरीही प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘वाढ आढळली नाही’ असा शेरा पुष्कळदा येतो. नेहमीचे संवर्धन हवेत केले जाते आणि हवेत हे जीवाणू वाढत नाहीत. म्हणून या शेऱ्यावरून व्रण निर्जंतुक आहे असे समजणे रुग्णास घातक ठरू शकते. ग्रॅम-रंजनात जीवाणू दिसले, पण संवर्धनात वाढ झाली नाही, तर विनॉक्सी संसर्गाची शंका घ्यावी.

नमुना : पृष्ठभागावरील कापसाच्या बोळ्यापेक्षा सिरिंजने खोलातून ओढलेला पूय किंवा ऊतीचा तुकडा श्रेयस्कर. तो विनॉक्सी वाहक माध्यमात घालून त्वरित पाठवावा. शीतकपाटात ठेवू नये. विनॉक्सी संवर्धन हवे आहे, हे मागणीपत्रावर स्पष्ट लिहावे.

चाचणीच्या पद्धती :

१) अगार-विरलन : ही प्रमाण पद्धती होय. हेमिन, व्हिटॅमिन के-१ व ५ टक्के मेंढीचे रक्त घातलेल्या ब्रुसेला अगारमध्ये औषधाच्या चढत्या मात्रा मिसळतात. प्रत्येक ठिपक्यात सुमारे एक लाख जीवाणू ठेवून, ३५ ते ३७ अंश सेल्सियसला प्राणवायूविरहित वातावरणात ४२ ते ४८ तासांनी वाचन करतात. ज्या किमान मात्रेस वाढ थांबते, ती न्यूनतम रोधक मात्रा. पद्धत अचूक, परंतु श्रमाची आहे.

२) सूक्ष्म द्रव-विरलन : ही बॅक्टेरॉइड्स गटापुरती ग्राह्य मानली जाते.

३) मात्रा-पट्टी : औषधाची उतरती मात्रा असलेली पट्टी ताटलीवर ठेवून थेट आकडा वाचतात. एकेका रुग्णासाठी सोयीची, पण महाग.

४) चकती-पद्धती : मंद वाढीमुळे ती पूर्वी अविश्वसनीय ठरत असे. २०२२ मध्ये युरोपीय समिती ‘युकास्ट’ने विशिष्ट अगारवर १६ ते २० तासांत वाचावयाची पद्धत व निकष प्रसिद्ध केले, तेही मोजक्याच जातींसाठी.

अहवालाचा अर्थ : जेंटामायसिन, अमिकासिन यांचा पेशीत प्रवेश प्राणवायूवर आधारित श्वसनक्रियेवर अवलंबून असल्याने ती येथे निरुपयोगी आहेत. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस बीटा-लॅक्टमेज विकर निर्माण करून पेनिसिलीन निष्प्रभ करतो. क्लिंडामायसिनला रोध वाढला आहे. मेट्रोनिडॅझोल बहुधा उपयुक्त असले, तरी ‘निम’ जनुकांमुळे त्यासही रोध आढळतो. अ‍ॅक्टिनोमायसेस तर त्याला स्वभावतःच दाद देत नाहीत. मेंदूतील विद्रधि, अस्थिसंसर्ग, रक्तातील संसर्ग वा चिकित्सेस प्रतिसाद नसणे, अशा वेळी चाचणी आग्रहाने करून घ्यावी. मात्र पूयाचे निर्हरण न करता केवळ औषधावर विसंबू नये; विद्रधीत भेदनकर्माचे महत्त्व आपणांस सांगणे न लगे.

औषधविक्रेत्यांसाठी : मेट्रोनिडॅझोल अनुसूची ‘एच’मधील औषध आहे. मेरोपेनेम, इमिपेनेम १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या अनुसूची ‘एच-१’मध्ये असून त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. किरकोळ अतिसारासाठी चिठ्ठीविना दिलेली गोळी रोधास आमंत्रणच देते.

पुण्यालगत पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने देशाला पेनिसिलीन पुरविले. आज तेच पेनिसिलीन अनेक विनॉक्सी जीवाणूंपुढे हतबल आहे. उरलेली औषधे टिकवावयाची असतील, तर योग्य नमुना, योग्य चाचणी व योग्य विक्री या तिन्ही गोष्टी आपल्याच हाती आहेत.