फे दो-दो : केजन लोकांच्या गावजत्रेतून शिक्षकांसाठी एक धडा



परिसर अभ्यासात आपण मुलांना गावची जत्रा शिकवतो. आज भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि माझ्याबरोबर एका लांबच्या जत्रेला चला. अमेरिकेच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताला लागून लुईझियाना राज्य आहे. तिथे बायू टेश या संथ प्रवाहाच्या काठावर ब्रो ब्रिज नावाचं छोटं गाव आहे. वस्ती साडेसात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. मे महिन्याच्या सुरुवातीला इथे क्रॉफिश उत्सव भरतो.

जत्रा कशाची?

क्रॉफिश हा गोड्या पाण्यातला कवचधारी प्राणी. कोळंबी आणि खेकडा यांच्या मधला वाटावा असा, पुढे दोन नांग्या असलेला. लुईझियानातले शेतकरी भाताची कापणी झाली की त्याच खाचरात पुन्हा पाणी भरतात आणि क्रॉफिश वाढवतात. एकाच शेतातून आधी भात, मग क्रॉफिश. आपल्या भातपट्ट्यातल्या मुलांना हे चटकन समजेल.

१९५९ साली राज्याच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिजला 'जगाची क्रॉफिश राजधानी' असा किताब दिला आणि पुढच्याच वर्षी पहिला उत्सव झाला. इथे तुम्हाला क्रॉफिशच्या शर्यती दिसतील, क्रॉफिश खाण्याच्या स्पर्धा दिसतील. मका, बटाटे आणि लाल तिखट मसाला घालून क्रॉफिश मोठ्या भांड्यात उकडायचे आणि वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर थेट ओतायचे. मग सगळ्यांनी भोवती उभं राहून हाताने सोलून खायचे. चमचा नाही, ताट नाही. 'एटुफे' नावाचा दाट रस्साही भाताबरोबर मिळतो. या फ्रेंच शब्दाचा अर्थ कोंडलेलं, म्हणजे झाकण ठेवून शिजवलेलं.

हे लोक कोण?

केजन लोकांचे पूर्वज फ्रान्समधून कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर 'अकादी' नावाच्या प्रदेशात गेले होते. पुढे तिथे इंग्रजांची सत्ता आली. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला या लोकांनी नकार दिला, तेव्हा १७५५ पासून हजारोंना जहाजांत भरून हद्दपार करण्यात आलं. कितीतरी कुटुंबांची ताटातूट झाली. त्यातले काही जण १७६५ च्या सुमारास लुईझियानात येऊन वसले. 'अकादियां'चं बोलण्यात 'कादियां' झालं आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'केजन' झालं. एका शब्दात अख्खा इतिहास! भाषेच्या तासाला सांगण्यासारखं उदाहरण आहे.

नाच आणि झोप

उत्सवाचा जीव म्हणजे संगीत. फिडल, लोखंडी त्रिकोण आणि छोटा अकॉर्डियन. अकॉर्डियनमध्ये हवेने धातूच्या पट्ट्या वाजतात, म्हणजे तत्त्व आपल्या बाजाच्या पेटीचंच. त्रिकोण पूर्वी गवत ओढायच्या यंत्राचे जुने दाते वाकवून बनवत. शेजारच्या मंचावर 'झायडेको' ऐकू येईल. हे तिथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं संगीत. त्यात एक जण छातीवर पन्हळी पत्रा अडकवून तो खरवडत ताल धरतो.

केजन लोकांच्या नाचाच्या कार्यक्रमाला 'फे दो-दो' म्हणतात. अर्थ माहीत आहे? 'गाई गाई कर'! पूर्वी आईबाप लेकरांना बरोबर घेऊन नाचायला येत, त्यांना बाजूच्या खोलीत निजवत आणि मग नाचत. बाळाला झोपवायचा शब्दच नाचाचं नाव होऊन बसला.

आता शाळेकडे या

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण या जत्रेत नीट कान दिला तर एक गोष्ट खटकते. गाणी फ्रेंच, पदार्थांची नावं फ्रेंच, टी-शर्टवरच्या ओळी फ्रेंच. पण गर्दीतलं बोलणं मात्र बहुतेक इंग्रजी. नाचणाऱ्या पुष्कळ तरुणांना गाण्याचे शब्दही कळत नाहीत. असं का झालं?

लुईझियानात १९१६ मध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजीतून शिकवायचं ठरवलं. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली मुलं वर्गात आली. मैदानावर फ्रेंच बोलताना सापडलं की 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शेकडो वेळा लिहायला लावत. लघवीला जायचं आहे हे इंग्रजीत सांगता येत नव्हतं म्हणून चड्डी ओली झालेल्या मुलांच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांनी सांगितल्या आहेत. आणि शिक्षा करणारे शिक्षक पुष्कळदा स्वतः केजनच होते. त्यांना वाटत होतं, पोरांचं भलं करतोय.

ती पोरं मोठी झाली, आईबाप झाली. आपल्या वाट्याला आलं ते लेकरांच्या वाट्याला नको म्हणून त्यांनी घरात फ्रेंच बोलणंच सोडलं. कायद्याने भाषा शाळेतून काढली होती, भीतीने ती घरातूनही गेली.

परत आणणं किती अवघड

१९६४ साली ड्यूई बाल्फा हे लुईझियानातले वादक न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवायला गेले. शेती, विमा, बस चालवणं असली कामं करून पोट भरणारा हा माणूस. हजारो श्रोत्यांनी त्यांच्या संगीताला भरभरून दाद दिली. परत आल्यावर आपलं संगीत आपल्याच लोकांना पटवून द्यायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, शाळाशाळांतून जाऊन मुलांपुढे वाजवलं. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच भाषेसाठी 'कोडोफिल' ही संस्था काढली. फ्रान्स, बेल्जियम, कॅनडाहून शिक्षक आले. पण पुस्तकातली फ्रेंच वेगळी. कोळंबीला पुस्तक 'क्रेव्हेत' म्हणे, तर केजन आजी 'शेव्रेत'. म्हणजे आजीची भाषा पुन्हा एकदा चुकीची ठरू लागली! आता काही शाळांत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवतात आणि आजीच्या शब्दांनाही जागा मिळू लागली आहे.

आपल्या वर्गासाठी

जत्रेने स्वयंपाक सांभाळला, ताल सांभाळला. बोलती भाषा एकट्या जत्रेला सांभाळता आली नाही, कारण ती वर्गात आणि घरात रोज लागते. म्हणून हा धडा आपल्यासाठी आहे. कोरकू मूल पाण्याला 'डा' म्हणतं, गोंडी मूल 'एर' म्हणतं. अहिराणी, पावरी, माडिया बोलणारी मुलंही आपल्या पहिलीत येतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. पण धोरणाची वाट न बघता एवढं करता येईल :

१. रोज एका मुलाने घरातला एक शब्द आणायचा. तो फळ्यावर प्रमाण मराठी शब्दाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायचा.

२. 'असं नाही म्हणायचं' ऐवजी 'तुझ्या घरी असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात' असं सांगायचं. मुलाला दोन्ही शब्द मिळतात.

३. महिन्यातून एकदा एखाद्या आजी-आजोबांना वर्गात बोलवायचं. गोष्ट त्यांच्याच बोलीत ऐकायची, अर्थ मुलांनीच सांगायचा.

पालकांनो, तुमच्यासाठी एकच. मूल शाळेत मागे पडेल या भीतीने आजीला तिची बोली बंद करायला सांगू नका. प्रमाण मराठी आणि इंग्रजी आम्ही वर्गात शिकवू. आजीची बोली मात्र आजीकडूनच येते.