काळा स्क्रू आणि पुस्तकांची फळी

प्रश्न : जिप्समचं छत झाल्यावर कारागिरांचे मूठभर काळे स्क्रू उरले. तेच वापरून विटांच्या भिंतीवर फळीचे ब्रॅकेट ठोकले. पुस्तकं रचली आणि दोन स्क्रूंची डोकी तुटली. माल हलका होता का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : माल बहुधा ठीकच असेल, काम त्याचं नव्हतं. हा ड्रायवॉल स्क्रू. १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड पत्र्याच्या चौकटीला धरायला त्याचा २५ मिलिमीटरचा, बारीक आट्यांचा नग पुरतो. पोलाद कडक असल्याने तो वाकत नाही, आडवा भार आला की एकदम तुटतो. काळा मुलामाही ओलीला फार टिकत नाही. बाथरूममध्ये स्टेनलेस स्टीलच घ्या.

विटांच्या भिंतीला ८ मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी आणि ५ मिलिमीटर जाडीचा लाकडाचा स्क्रू वापरा. भोक विटेत घ्या, सांध्यात नको, आणि आतली धूळ काढून टाका. गिट्टी हाताने फिरत असेल तर भोक मोठं झालंय. काड्या कोंबून भागवू नका, जागा बदला. प्लायला प्लाय जोडायचा तर चिपबोर्ड स्क्रू चांगला.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीत मात्र गिट्टी धरत नाही, तिथे जमिनीवरचं कपाटच बरं. आणि ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात पलंगाच्या उशाशी जड फळी नकोच.

उरलेले स्क्रू छताच्या डागडुजीला ठेवा. त्या फळीवरची पुस्तकं मात्र आजच उतरवा.