संग्रहालयाचे वाचन : फिगेरेस येथील दाली नाट्यगृह-संग्रहालय

अतिवास्तववादाची वैचारिक बाजू आपण मागील पाठात पाहिली. १९२४ साली आन्द्रे ब्रेताँ याने पॅरिसमध्ये या चळवळीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि स्वप्न, अबोध मन व तर्काच्या पहाऱ्यातून सुटलेली प्रतिमा यांना कलाविचाराच्या केंद्रस्थानी आणले, हे आपल्या स्मरणात असेलच. प्रस्तुत पाठात आपण एका वास्तूत प्रवेश करणार आहोत. एखादी संहिता वाचावी तशी ही वास्तू वाचता येते का, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

स्पेनच्या ईशान्येस, कातालोनिया प्रांतातील फिगेरेस या गावी १९०४ साली साल्वादोर दालीचा जन्म झाला. गावातील जुने नाट्यगृह यादवी युद्धाच्या अखेरीस, १९३९ साली, आगीत जळाले. भिंती तेवढ्या उरल्या. पुढे १९६० नंतर नगराध्यक्षांनी स्थानिक संग्रहालयासाठी दालीकडे एक चित्र मागितले, तेव्हा त्याने संपूर्ण संग्रहालयच देऊ केले. त्यासाठी जागा मात्र त्याने हे भग्न नाट्यगृहच निवडले. तो स्वतःस नाट्यवृत्तीचा चित्रकार मानीत असे. समोरच्या सान्त पेरे चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता. आणि ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्याची चित्रे प्रथम याच नाट्यगृहात मांडली गेली होती. २८ सप्टेंबर १९७४ रोजी संग्रहालय खुले झाले.

आत शिरताच आपण एका उघड्या चौकात येतो. एके काळी प्रेक्षक बसत ती ही जागा. मध्यभागी काळी कॅडिलॅक मोटार उभी आहे. पावसापासून आडोसा म्हणून आपण गाडीत शिरतो. येथे पाऊस गाडीच्या आतच पडतो. १९३८ साली पॅरिसच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात दालीने ही कल्पना प्रथम मांडली होती. वस्तू नेहमीचीच आहे, फक्त आत आणि बाहेर यांची अदलाबदल झाली आहे. अतिवास्तववाद म्हणजे काहीतरी विचित्र, असा जो ढोबळ समज असतो, तो या एका मोटारीपुढे टिकत नाही. विचित्रपणा वस्तूत नसून दोन वस्तूंच्या संबंधात असतो.

चौकापलीकडे रंगमंच आहे आणि त्यावर पेरेस पिन्येरो या वास्तुरचनाकाराचा काचेचा घुमट. तेथील एका भव्य चित्रात गाला, म्हणजे दालीची पत्नी, पाठमोरी उभी राहून समुद्राकडे पाहते आहे. तेच चित्र दुरून पाहिले की अब्राहम लिंकनचा चेहरा दिसतो. चित्राच्या शीर्षकातच अठरा मीटर हे अंतर नोंदवलेले आहे. दुसऱ्या एका दालनात ओठांच्या आकाराचा सोफा, नाकाच्या आकाराची शेगोटी आणि भिंतीवरील दोन चित्रे मांडली आहेत. पायऱ्या चढून भिंगातून पाहिल्यावर त्यांतून मे वेस्ट या अमेरिकन अभिनेत्रीचा चेहरा जुळून येतो.

काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे श्लेष आठवणे साहजिक आहे. पण साम्य तेथेच थांबते. श्लेषात दोन्ही अर्थ एकाच वेळी मनात नांदतात. दालीच्या दुहेरी प्रतिमेत एक अर्थ दिसताना दुसरा मावळतो, आणि तो परत हवा असल्यास पाहणाऱ्याला जागेवरून हलावे लागते. अर्थ पाहणाऱ्याच्या पायांशी बांधलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

(याच युक्तीचा एक धागा भारतापर्यंत येतो. १९६७ साली दालीने एअर इंडियासाठी चिनीमातीची रक्षापात्रे घडवली. त्यांतील हत्तीचे डोके उलटे धरले की हंस भासतो आणि हंस उलटा धरला की हत्ती. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले व ते त्याला मिळालेही!)

एवढ्या कौतुकानंतर एका लहान चित्रापाशी थांबणे आवश्यक आहे. १९४५ सालच्या ‘पावाची टोपली’ या चित्रात कोणतीही चलाखी नाही. टेबलाच्या कडेशी टोपली, तीत पावाचा तुकडा, मागे काळोख. आसपासच्या गजबजाटात ते सहज नजरेतून निसटते. प्रस्तुत लेखकाच्या मते, दालीच्या हाताचे सामर्थ्य येथे सर्वांत निर्विवादपणे प्रकट होते.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळू. हे संग्रहालय उघडले तेव्हा स्पेनवर फ्रँकोची हुकूमशाही होती. ज्या युद्धाच्या अखेरीस हे नाट्यगृह जळाले, त्याच युद्धातून ती सत्तेवर आली होती आणि दालीने फ्रँकोची जाहीर प्रशंसा केली होती. ब्रेताँच्या गटाने तर त्याला १९३० च्या दशकातच दूर केले होते. त्याच्या नावातील अक्षरे फिरवून ब्रेताँने त्याला ‘डॉलरलोभी’ ठरवले. जळक्या भिंतींवर उभारलेल्या या खेळकर जगात हा इतिहास विसरणे फार सोपे आहे. कलाकृती बाद करण्यासाठी तो पुरेसा आहे असे नाही. परंतु तो वगळून केलेले वाचन अपुरे राहील. शिवाय येथील मांडणी खुद्द दालीची. कालक्रम नाही, ठरलेला मार्ग नाही. म्हणजे वाचक मोकळा, पण ग्रंथ मात्र कर्त्यानेच संपादित केलेला.

२३ जानेवारी १९८९ रोजी दालीचे निधन झाले. त्याला याच वास्तूत, रंगमंचाखाली पुरले आहे. घुमटाकडे माना वर करून पाहणारे अनेक जण त्याच्या थडग्याच्या वर उभे असतात.

स्वयंअध्ययन : आपल्या परिसरातील एखाद्या लेखकाचे किंवा कलावंताचे स्मारक पाहा. तेथे काय मांडले आहे आणि काय मांडलेले नाही, याची नोंद करून दोनशे शब्दांत टिपण लिहा.